सतरा नंबरची तिसरी ताकीद

“आकडे!” मी ओरडले.

“एक!” “दोन!” “तीन!” बंगल्याच्या अंगणात आवाज एकामागून एक पुढे सरकत गेले आणि सोळावर येऊन थांबले. सोळा नंबर म्हणजे शाल्मली. नागपूरच्या धरमपेठेतली, आठवीतली, तोंडाची टकळी क्षणभर बंद न ठेवणारी. तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

“सतरा कुठे आहे?”

“मला काय माहीत ताई? ती माझ्याबरोबर येतच नाही.”

“जोडीदार आहेस ना तू तिची? नियम सात काय सांगतो?”

“जोडीदाराला सोडून कुठेही जायचं नाही, संडासलाही नाही,” शाल्मलीने पाठ म्हणून दाखवलं. “पण मी नाही तिला सोडलं. तिनेच मला सोडलं.”

तेवढ्यात बंगल्याच्या मागून सतरा नंबर आली. दुर्पता नैताम. तेरा-चौदा वर्षांची, सडसडीत, मान खाली. केसांतून पाणी निथळत होतं. पहाटे पाच वाजता, हौदाच्या गार पाण्याने, डोक्यावरून अंघोळ!

“जंगलात जायच्या दिवशी सकाळी अंघोळ नाही, हा कितवा नियम?”

“बारावा जी.”

“पाठ आहे ना? मग?”

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. “साबण नाही लावला जी.”

“मी साबणाचं विचारलं नाही. अंघोळ का केलीस ते विचारलं.”

बाकीची तेवीस मुलं पाठीवर पिशव्या घेऊन ताटकळत उभी, उजाडायला लागलेलं, आणि ही बाई मातीत नक्षी काढतेय. मी खिशातली वही काढली आणि सगळ्यांदेखत तिच्या नावापुढे पहिली ताकीद लिहिली.

हे सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. नागपुरात एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत आमच्या निसर्ग मंडळाची मुलांची शिबिरं चालवायचे. जागा गोंदियाकडच्या जंगलाच्या काठावरची. वनखात्याचा जुना बंगला, अंगणात सहा तंबू, चोवीस मुलं, पाच दिवस.

शिबिराची नियमावली माझी. एकतीस नियम मी स्वतः लिहिले होते आणि मला त्यांचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कपडे मातकट रंगाचे, लाल-पांढरं काही नको. अत्तर, पावडर, वासाचं तेल घरी ठेवून या. बूट घालण्याआधी झटका, विंचवाला बूट आवडतो. तंबूत खाऊ ठेवू नका, अस्वलाचं नाक तुमच्या आईपेक्षा तिखट असतं. प्राणी समोर आला तर पळू नका, पाठ दाखवू नका, हळूहळू मागे सरा. मुलींनी आपल्या गरजेच्या वस्तू सोबत आणाव्यात. तीन ताकिदी झाल्या की त्याच दिवशीच्या जीपने घरी. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, नियम एक: वाटाड्या सांगेल ते तिथल्या तिथे ऐकायचं, ‘का’ विचारायचं नाही.

पण पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या संध्याकाळी आमचे वाटाडे दसरू मडावी मुलांना समोर बसवून जंगलाच्या रीतीभाती सांगत होते, आणि मी मागे तंबूतंबूंतून जप्ती करत फिरत होते. दोन कोलनच्या बाटल्या निघाल्या. एक लालभडक टोपी निघाली. एका आईने तर चिवड्याची पिशवी उशीच्या अभ्र्यात घालून वरून टाके मारले होते! मी कात्रीने ती उशी फाडत असताना दसरूदादांचं बोलणं संपत आलं. मी तिथे पोचून फक्त शेवटचं वाक्य बोलले. “दसरूदादांनी सांगितलं ते सगळं अक्षरशः पाळायचं. नियम एक. कळलं?”

“हो ताई!” चोवीस जणांनी बोंब ठोकली.

त्या चोवीसांत तेवीस मुलं नागपूरची आणि फी भरून आलेली. दुर्पता एकटी जंगलाकाठच्या बोरीटोल्याची, मंडळाच्या खर्चाने आलेली. या एका जागेसाठी मी दोन वर्षं मंडळाच्या बैठकांमध्ये भांडत होते. ज्यांच्या दारात जंगल आहे त्या मुलींना आपण जंगल दाखवायला का नेत नाही, हा माझा प्रश्न. शेवटी आमचे अध्यक्ष पिंपळापुरे सर कंटाळून म्हणाले होते, “एक जागा देतो. ती मुलगी नीट राहिली तर पुढच्या वर्षी पाच मुली घेऊ. नाही राहिली, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही.”

मी तीन गावांच्या शाळांतल्या मुलींसमोर झाडांची चाळीस पानं मांडली होती. दुर्पताने चाळीसच्या चाळीस ओळखली. वर एक पान उलटं करून म्हणाली होती, “हे कोवळं हाय जी, भाजी होते याची.” अशी मुलगी. आणि ती दुसऱ्याच दिवशी ताकीद घेऊन बसली होती.

सर शिबिरातच होते. बंगल्याच्या व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून बसायचे आणि सगळं पाहायचे. त्यामुळे दुर्पताला सूट द्यायची सोय नव्हती. उलट मी तिच्याशी दुसऱ्यांपेक्षा कडक वागत होते, आणि ती माझ्या कष्टांवर पाणी ओतत होती.

त्या दिवशी जंगलात रांगेत ती सगळ्यांच्या मागे राहिली. मागे म्हणजे दहा पावलं मागे. “अंतर कमी कर,” मी तीनदा खुणेने सांगितलं. ती दोन पावलं पुढे यायची, पुन्हा मागे पडायची. दुपारी वाढपाच्या पाळीत तिचं नाव होतं, ती आलीच नाही. बांबूच्या बेटाआड जाऊन बसली. आणि मग मी ते दृश्य पाहिलं. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा माठ होता. दुर्पता माठापासून चार हात लांब उभी होती, ओंजळ पुढे करून, आणि शाल्मली तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतत होती.

माझं रक्त उसळलं. म्हणजे हे असं चाललंय! या शहरातल्या लाडोबांनी त्या पोरीला माठाला शिवायची बंदी केलीय. म्हणून ती मागे राहते, म्हणून ती बांबूत जाऊन बसते. मी शिट्टी फुंकली, सगळ्यांना भर उन्हात अंगणात उभं केलं आणि अर्धा तास फैलावर घेतलं. अस्पृश्यता, माणुसकी, संविधान, काही बाकी ठेवलं नाही. दोन मुली रडायला लागल्या. मग मी दुर्पताचा हात धरून तिला माठापाशी आणलं.

“आता हिच्या हातचं पाणी सगळ्यांनी प्यायचं. एकेकाने पुढे या.”

“ताई, नको जी,” ती पुटपुटली.

“घाबरू नकोस. मी आहे ना.”

“मी नाही करत जी. दुसऱ्याले सांगा.”

“दुर्पता, डोकं वर कर आणि ओत.”

तिने माठात ओगराळं बुडवलं. निम्मं पाणी जमिनीवर सांडत होतं. तेवीस पेले भरेपर्यंत तिने एकदाही वर पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत मात्र अभिमानाने पाणी आलं. व्हरांड्यातून सरांनीही मान डोलावली.

शाल्मली नाक पुसत माझ्याकडे आली. “ताई, आम्ही तिला काहीच म्हणालो नव्हतो. शप्पथ.”

“मग ती माठाला हात का लावत नव्हती?”

“ते तिलाच विचारा ना!”

मी विचारलं नाही. उत्तर माझ्यापाशी तयार होतं.

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी तंबूंवरून चक्कर मारली, तर दुर्पता मुलींच्या तंबूच्या बाहेर पोत्यावर झोपलेली. बिबट्याच्या पायवाटेपासून शंभर पावलांवर! नियम नऊ: तंबूची चेन आतून बंद. मी तिला गदागदा हलवून उठवलं.

“घरची आठवण येते का?”

“नाही जी.”

“शाल्मली त्रास देते?”

“नाही जी. चांगली हाय ते.”

“मग बाहेर का झोपलीस?”

“मले इथंच बरं वाटते.”

“बरं वाटतं!” मी वही काढली. “ही दुसरी ताकीद. तिसरी झाली की काय होतं?”

“जीपनं घरी.”

“नुसती तू घरी जाशील असं नाही. तुझ्यामागे पुढच्या वर्षीच्या पाच मुली आहेत. तू गेलीस की त्यांचा रस्ता बंद. कळतंय का तुला, मी काय म्हणतेय ते?”

तिचे डोळे भरून आले. “कळते जी.”

कळतंय, पण वळत नाही. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं मला. इतकी हुशार पोरगी, आणि हा असला हटवादीपणा कुठून आला असेल! सरांनी चहा पिता पिता विचारलं, “काय चारूताई, तुमची सतरा नंबर?” मी म्हटलं, “रुळतेय सर, रुळतेय.” त्यांनी बशीतला चहा फुंकला.

चौथ्या दिवशी पाणवठ्यावर जायचं होतं. साडेतीन किलोमीटरची पायवाट, पुढे दसरूदादा, शेवटी मी. दुर्पताला मी मुद्दाम माझ्या पुढे ठेवलं. जंगलात बोलायचं नाही म्हणून मी प्रत्येकाच्या खांद्यावर टिचकी मारत गिनती करायचे. निघताना चोवीस होते.

निम्म्या वाटेवर वाघदेवाचं ठाणं लागलं. सागाचे दोन कोरलेले खांब, पायाशी शेंदूर फासलेले दगड. दसरूदादा थांबले, एक डहाळी तोडून देवापुढे ठेवली, हात जोडले. मुलंही एकेक करून डहाळी ठेवत पुढे जाऊ लागली. कुणी कुठल्या झाडाची तोडली यावरून पुढे भांडण जुंपलं, म्हणून मी रांग ओलांडून तिकडे धावले. मिनिटभराचं काम. ठाणं ओलांडून पलीकडे गेल्यावर टिचक्या मोजल्या.

तेवीस.

मी पुन्हा मोजल्या. शाल्मलीने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मी दसरूदादांना खूण केली. त्यांनी ठाण्यापर्यंत मागे येऊन जमीन पाहिली आणि लगेच डावीकडे बोट दाखवलं. “नाल्यानं गेली.”

मुलांना तिथेच बसवून आम्ही दोघं उताराला लागलो. दसरूदादा पाऊल न वाजवता जात होते. मला कुठला धीर! मी धावतच सुटले. खाली नाला कोरडा होता, पांढरी वाळू, आणि मधोमध दुर्पता उभी. पुतळ्यासारखी. तिच्यापुढे तीस-चाळीस पावलांवर ओलाव्याच्या खड्ड्यात तोंड घालून अस्वलीण पाणी पीत होती. शेजारी पिल्लू.

दुर्पता हळूहळू मागे सरत होती. पाठ न दाखवता, हात अंगाशी धरून, एकेक पाऊल. तेवढ्यात माझ्या बुटाखालचे दगड सुटले आणि गडगडत खाली गेले.

अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली. तिचं ते खाकरणं मला आजही ऐकू येतं. दुर्पता थांबली, हलली नाही. माझ्या तोंडून किंकाळी निघणार, इतक्यात दसरूदादांनी वरून कुऱ्हाडीचा दांडा झाडावर खाडखाड वाजवला आणि मोठ्याने खोकले. अस्वलिणीने मान वळवली, पिल्लाला पुढे घातलं आणि पलीकडच्या झुडपांत शिरली. फांद्या मोडल्याचा आवाज लांब गेला.

मी वाळूत उतरले, दुर्पताजवळ गेले आणि तिच्या कानशिलात भडकावली.

ती रडली नाही. गालाला हातही लावला नाही.

“काहून मारता जी पोरीले?” दसरूदादा मागून म्हणाले.

“काहून म्हणजे? रांग सोडून एकटी नाल्याने गेली, दिसलं नाही तुम्हाला? मेली असती आत्ता!”

“नाल्यानंच जा लागते तिले. देवापुढून कशी जाईन?” मग ते तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मले सांगा लागत होतं बाई. म्या संग आलो असतो.”

“कशाबद्दल बोलताय तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच हिला कळत नाही की काय, असं ते पाहणं होतं. “म्या पैल्याच दिवशी सांगतलं होतं जी सगळ्यायले. ज्या पोरी बाहेर बसल्या असतीन त्याइनं देवापुढून जायचं नाही. सकाळी डोक्यावरून पाणी घ्यायचं, माठाले हात लावायचा नाही, येगळं झोपायचं. आमच्या जंगलाची रीत हाय ते. शहरातल्या पोरायले नसन समजलं. इले समजलं. आन मंग तुम्हीच म्हणलं ना, दसरूदादानं सांगतलं ते सगळं पाळा म्हणून.”

ते कुऱ्हाड खांद्यावर टाकून चढाकडे निघून गेले. मी वाळूतच बसले.

पाळी. तीन दिवस पोरीची पाळी चालू होती. आणि मी बाईमाणूस, वर जीवशास्त्राची शिक्षिका! माझी आई नर्स होती, आमच्या घरात बाजूला बसणं कधी कुणी पाळलं नाही, त्यामुळे तसं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलींनी गरजेच्या वस्तू आणाव्यात असं एका ओळीत लिहून मी तो विषय मिटवला होता. एकाही पोराने पाळला नसेल इतक्या काटेकोरपणे हिने नियम एक पाळला होता, आणि मी तिला दोन ताकिदी आणि एक थप्पड दिली होती. आणि माठातलं पाणी! तेवीस जणांना तिच्या हाताने पाजलं होतं मी. तिच्या दृष्टीने ते केवढं पाप असेल!

“मला का नाही सांगितलंस?”

“नियम हाय ना जी. का नाही इचारायचं.”

“मला तरी सांगायचंस गं.”

“तुम्ही लय रागात होत्या.”

मी तिला जवळ बसवलं. मला सुचलं ते, सुचलं तसं सांगितलं. की यात विटाळ-बिटाळ काही नसतं. शरीर कसं चालतं, ते वाळूत काडीने काढून दाखवलं. “हा शास्त्राचा कॅम्प आहे, दुर्पता. दसरूदादांची रीत त्यांच्यापाशी. आमच्याकडे कुठलाही देव तुझ्यावर रागवायला बसलेला नाही. तू माठाला हात लाव, तंबूत झोप, पुढे चाल. तुझ्यामुळे काही बाटत नाही.”

“खरंच?”

“अगदी खरं.”

तिने बराच वेळ त्या काडीच्या चित्राकडे पाहिलं. मग मी माझी बाटली पुढे केली. ती तोंड लावून पाणी प्यायली, आणि मला हायसं वाटलं. उठताना तिने माझा दंड धरला.

“सायबाले नका सांगू जी. माणूस हाय ते.”

“नाही सांगणार.”

कॅम्पवर परत आलो तेव्हा ती माझ्या बरोबरीने चालत होती. दुपारी तिने स्वतःहून माठातून पाणी घेतलं, वाढपाला उभी राहिली, शाल्मलीच्या ताटात दोनदा भात वाढला. शाल्मली हसली, तीही हसली. चार दिवसांत मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

पण अस्वलाची बातमी आमच्या आधी व्हरांड्यात पोचली होती. जेवणं झाल्यावर सरांनी मला आत बोलावलं. नियमावली समोर उघडी होती.

“तिसरी ताकीद,” ते म्हणाले. “पाचची जीप. नियम तुमचेच आहेत, चारूताई.”

“सर, चूक माझी आहे. माझं लक्ष नव्हतं.”

“तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा बाकीचे तेवीस नाल्यात उतरले नाहीत.”

“तिला कारण होतं.”

“काय कारण?”

“ते मला सांगता येणार नाही.”

सरांनी चष्मा काढला. “अस्वलाने फाडली असती तर उद्याच्या पेपरात मंडळाचं नाव आलं असतं. आणि कारण सांगता येणार नाही? मग ऐका. ती मुलगी बेशिस्त, असं मी कार्यवृत्तात लिहितो आणि गावच्या मुलींचा विषय आज इथे संपतो.”

मी मूग गिळून बसायला हवं होतं का? अजूनही मला ठरवता येत नाही. पण बेशिस्त हा शब्द मला सहन झाला नाही. त्या पोरीला आणि बेशिस्त! मी सगळं सांगून टाकलं. पाळी, माठ, पोतं, देव, नाला, सगळं. वाटलं, शिकलेला माणूस आहे, ऐकेल.

सरांचे कान लाल झाले. ते खिडकीबाहेर पाहू लागले. “हे मला सांगायची काय गरज होती, बाई?”

“तुम्ही कारण विचारलंत.”

बराच वेळ त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मग त्यांचा आवाज मऊ झाला. मला वाटलं, जिंकलो. “ठीक आहे. ताकीद रद्द. बेशिस्त लिहीत नाही. पण आजच्या जीपने घरी जाऊ द्या तिला, अशा वेळी आईजवळ बरं. आणि पुढच्या वर्षी पाच मुली घ्या, माझी हरकत नाही. फक्त असा घोटाळा पुन्हा नको. एक नियम वाढवा.”

“कसला?”

“अशा दिवसांत मुलींनी शिबिराला यायचं नाही. सरळ गोष्ट आहे. आत्ताच लिहा, फळ्यावर लावून टाका. शहरातल्या मुलींनाही कळू दे.”

“सर, हा काही—”

“पाच जागा हव्यात की नकोत?”

मी वाद घातला. दहा मिनिटं घातला, अगदी हमरीतुमरीवर आले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. पाच मुली, मी स्वतःला सांगितलं. नियम काय, पुढे काढूनही टाकता येईल. दोन वर्षांचं भांडण एका ओळीवर अडतंय. मी पेन घेतलं आणि ‘मासिक पाळीच्या’ असं लिहिलं. सर म्हणाले, “ते काढा. मुलगेही वाचणार आहेत.” मग मीच शोधून सभ्य शब्द घातला. ‘नैसर्गिक अडचणीच्या काळात मुलींनी शिबिरास येऊ नये.’ नियम बत्तीस. अक्षर माझं, खाली सही माझी.

पुढच्या वर्षी पाच मुली आल्या, हे सांगायला हवं. पाचही जणी पाचवीतल्या होत्या. गावच्या शाळांनी नियम वाचून मोठ्या मुलींची नावं धाडलीच नाहीत. मी ती शिबिरं पुढे सहा वर्षं चालवली. बत्तिसावा नियम तेवढ्या वेळात कुणी काढला नाही. मीही नाही.

पाच वाजता जीप अंगणात आली. मी दुर्पताची पिशवी घेऊन तंबूतून निघाले. तिला मी एवढंच सांगितलं होतं की ताकीद रद्द झाली आहे आणि तिला विश्रांतीसाठी लवकर सोडतोय. ती मला तंबूपाशी दिसली नाही, जीपपाशीही दिसली नाही. ती व्हरांड्यात फळ्यासमोर उभी होती. अक्षरांखाली बोट धरून वाचत होती. नवा कागद होता, शाई अजून ओली दिसत होती. तिने एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. आत सर पेपर वाचत बसले होते, तिकडे तिने एक नजर टाकली.

मी जवळ जाऊन उभी राहिले. तिने माझ्या हातातून आपली पिशवी घेतली, काखेत धरली आणि विचारलं,

“ताई, तुमच्याकडे बी तोच देव हाय का जी?”